दूरच्या ताऱ्यांवरील विजोड जोडपी

व्याख्यानांची पत्रिका निघाली त्याच दिवशी आमचे एक वडीलधारे स्नेही आम्हांला मंडईच्या कोपऱ्यावर भेटले. "पुरुषाने पुरुषावर प्रेम करावे की नाही, हा वाद मी घालीत नाही," ते म्हणाले, "न्यायालयाने तो केव्हाच मिटवला आहे. पण ती गोष्ट सांगायला तुम्हांला पृथ्वी सोडून आकाशात कशाला जावे लागते?" प्रश्न थट्टेचा होता. तथापि घरी येऊन विचार करू लागलो तेव्हा तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही असे दिसून आले. आणि आजचे आमचे सारे बोलणे त्या एका प्रश्नाच्या उत्तरादाखल आहे, असे श्रोत्यांनी समजून चालावे.

इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, विज्ञानकथा म्हणून जो वाङ्मयप्रकार फोफावला त्यात अशा गोष्टींचा एक बारीकसा पण अखंड झरा सत्तर वर्षांहून अधिक काळ वाहत आला आहे. कोठल्यातरी दूरच्या वसाहतीत किंवा तिकडे जाणाऱ्या यानात दोन पुरुष एकत्र येतात. त्यांचे एकमेकांशी काहीच जमत नाही. एक बोलका तर दुसरा घुमा, एक राजवाड्यात वाढलेला तर दुसरा जित देशाकडून आलेला. आणि तरीही त्यांच्यात जिव्हाळा उत्पन्न होतो. असे विजोड जोडपे आणि असे प्रचंड अंतर या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा एकत्र का येतात, हा खरा कुतूहलाचा भाग आहे.

प्रथम अंतराचे पाहू. चंद्र येथून सरासरी ३,८४,००० किलोमीटर. प्रकाशाला तेथे पोचावयास सव्वा सेकंदाहून थोडे अधिक लागते. मंगळावर असलेल्या माणसाशी बोलावयाचे तर आपला शब्द तेथे पोचण्यास, ग्रहांच्या स्थितीनुसार, तीन ते बावीस मिनिटे लागतील, आणि उत्तराला पुन्हा तितकीच. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. १९७७ साली सोडलेले 'व्हॉयेजर १' हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने धावत आहे. त्या वेगाने तेवढे अंतर कापावयाचे म्हटले तर सत्तर हजार वर्षेही पुरणार नाहीत. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अशा ठिकाणी वसलेल्या माणसाला माहेर उरत नाही. भांडण झाले तर चार दिवस आईकडे जाऊन राहू, ही सोय नाही. थोरल्या भावाला पत्र टाकून सल्ला विचारू, ही नाही. आणि शेजारी नको झाला तर बिऱ्हाड बदलू, हीही नाही. जो सोबतीला मिळाला त्याच्याशीच जमवून घ्यावयाचे.

हे केवळ कल्पनेतले नाही. मॉस्को येथे जून २०१० ते नोव्हेंबर २०११ या काळात सहा पुरुषांना मंगळप्रवासाची रंगीत तालीम म्हणून एका बंदिस्त नकली यानात ५२० दिवस ठेवण्यात आले होते. त्यांत तिघे रशियन, एक फ्रेंच, एक इटालियन व एक चिनी. भाषा निराळ्या, जेवणाच्या सवयी निराळ्या. दाराबाहेर मॉस्को शहर गजबजलेले होते. तरीही आत काहींची झोपेची घडी पार विस्कटली आणि हालचाल दिवसेंदिवस मंदावत गेली. मग जेथे दाराबाहेर हवाच नाही तेथे काय होईल! विजोड माणसे एका छताखाली कोंडून त्यांचे काय होते ते पाहणे, हा कथालेखकांचा फार जुना उद्योग आहे. धर्मशाळा, गलबत, आगगाडीचा डबा यांनी पूर्वी जे काम केले तेच आता अंतराळातील वसाहत करते. मात्र तिच्यात एक विशेष आहे. तेथे आपण आपले कायदेही मागे ठेवून जाऊ शकतो.

हा विशेष सर्वांत आधी ज्यांनी ओळखला त्यांत थिओडोर स्टर्जन या अमेरिकन लेखकाचे नाव घेतलेच पाहिजे. 'द वर्ल्ड वेल लॉस्ट' ही त्याची कथा १९५३ साली एका मासिकात आली. ते साल ध्यानात ठेवावे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आदेशाने समलिंगी माणसांना अमेरिकेच्या सरकारी नोकरीतून घालवून देण्याचा मार्ग मोकळा झाला होता. असा संबंध तेव्हा तेथील प्रत्येक राज्यात गुन्हा होता. तो कायदा सर्वांत आधी इलिनॉयने काढला, तो १९६१ साली. इंग्लंडमध्ये ॲलन ट्यूरिंग या थोर गणितज्ञाला याच 'गुन्ह्या'खाली १९५२ मध्ये शिक्षा झाली होती. अशा हवेत स्टर्जनने लेखणी उचलली.

कथा अशी. डिरबानू नावाच्या दूरच्या ग्रहावरून दोन जीव पृथ्वीवर येतात. त्यांचे परस्परांवरील प्रेम पाहून सारी पृथ्वी वेडी होते. लोक त्यांना लाडाने 'प्रेमपाखरे' म्हणू लागतात. एरवी डिरबानूचे लोक पृथ्वीला तुच्छ लेखून तिच्याशी कसलाही संबंध ठेवीत नसतात. पण आता त्यांचा निरोप येतो की हे दोघे आमचे पळालेले गुन्हेगार आहेत, परत पाठवा. पृथ्वीच्या सरकारला तेवढीच ओळख वाढविण्याची संधी. पाखरांना यानात कोंडून रवाना केले जाते. यानावर माणसे दोनच. कप्तान रूट्स हा ठेंगणा, चपळ, बडबड्या आणि कोंबड्यासारखा ऐटबाज. त्याचा साथीदार ग्रंटी हा धिप्पाड, जवळजवळ मुका, पण ज्याच्या मनात शब्दांचा समुद्र खळाळतो आहे असा. यांची जोडी कामाला फार उत्तम. ती का उत्तम, हे रूट्सला कधी उमगलेले नाही. ग्रंटीला मात्र पुरते ठाऊक आहे आणि ते तो कोणालाही कळू देणार नाही.

वाटेत ग्रंटीच्या लक्षात येते की ही पाखरे दुसऱ्याच्या मनातले ओळखतात. म्हणजे त्याचे गुपित त्यांनी वाचले! येथे स्टर्जन जे लिहितो ते आम्हांला त्या कथेतील सर्वांत भयंकर स्थळ वाटते. हा सालस, कवीच्या वृत्तीचा माणूस त्या दोन निरपराध जीवांना ठार करावयास निघतो. कारण ते बोलले तर तो संपला. तेव्हा ती पाखरे कागदावर चित्रे काढून त्याला समजावतात. डिरबानूच्या स्त्रिया आणि पुरुष यांच्या शरीरांत अतोनात फरक असतो, आणि ही दोन पाखरे, जिच्या प्रेमाचे गोडवे पृथ्वीने गाइले ती जोडी, दोन्ही नरच आहेत. त्यांचा गुन्हा तो हाच. शिवाय डिरबानूच्या डोळ्यांना आपल्या येथील स्त्री आणि पुरुष सारखेच दिसतात. म्हणून सारी पृथ्वीच त्यांना ओंगळ वाटते, आणि तिच्याशी संबंध नको म्हणण्याचे मूळ तेथे आहे. ग्रंटी त्यांना यानावरील जीवरक्षक होडीतून सोडून देतो. रूट्सला खरे कळते तेव्हा त्याला किळस येते. हातात असती तर जिवंत सोडली नसती, अशी त्याची भाषा. परतीच्या वाटेवर रूट्स निपचित पडला असता ग्रंटी त्याच्याकडे पाहत बसतो, आणि तेव्हा कोठे वाचकाला त्याच्या मनातले उघड होते.

या कथेला प्रेमकथा म्हणावे काय, असा आक्षेप कोणी घेईल. एकाला कळतच नाही आणि दुसरा बोलतच नाही! आमचे मत असे की १९५३ साली यापुढे एक पाऊलही टाकता आले नसते. वाचकाला आधी त्या पाखरांवर जीव लावावयास भाग पाडावयाचे आणि मग ती कोण ते सांगावयाचे, ही युक्ती घरच्या माणसांवर चालली नसती. न्यूयॉर्कच्या एखाद्या गल्लीतले दोन पुरुष दाखवले असते तर वाचकाने पहिल्याच पानावर मासिक मिटले असते. अंतर हे तेथे पडद्याचे काम करते. आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर ते हे: लपण्यासाठी.

पण दुसरेही उत्तर आहे, आणि त्यासाठी तेहतीस वर्षे पुढे यावे लागेल. लोइस मॅकमास्टर बुजोल्ड या लेखिकेची 'ईथन ऑफ ॲथोस' ही कादंबरी १९८६ सालची. ग्रीसमध्ये ॲथोस नावाचा मठांचा डोंगर आहे. तेथे आजही स्त्रियांना प्रवेश नाही. त्यावरून नाव घेतलेला हा कादंबरीतला ग्रह म्हणजे निव्वळ पुरुषांची वसाहत. दोनशे वर्षांपूर्वी काही धर्मवेड्या पुरुषांनी ती स्थापिली. मुले यांत्रिक गर्भाशयात वाढतात. त्यासाठी लागणारी स्त्रीबीजे सोबत नेलेल्या बीजकोशांच्या पेशी जोपासून मिळवितात. आता त्या पेशी म्हाताऱ्या होऊन मरू लागल्या आहेत, आणि परग्रहाहून मागविलेला नवा साठा उघडून पाहावा तो आत निकामी कचरा. मग ईथन अर्कहार्ट या प्रसूतिगृहाच्या तरुण, भिडस्त डॉक्टरला चौकशीसाठी बाहेर पाठवितात. या गृहस्थाने जन्मात बाई पाहिलेली नाही, आणि धर्मोपदेशकांनी सांगितले ते सारे त्याला खरे वाटते. पहिल्यानेच त्याची गाठ पडते ती एली क्विन या भाडोत्री सैन्यातील धाडसी स्त्रीशी! पुढची धमाल सांगून रसभंग करीत नाही.

आम्हांला येथे लक्ष वेधावयाचे आहे ते एका हिशेबाकडे. ॲथोसवर मूल फुकट मिळत नाही. बाप होण्यासाठी पुरुषाला समाजाची सेवा करून पुण्याईसारखे गुण साठवावे लागतात. आणि मूल वाढविण्याचे कष्ट हे कष्ट म्हणून वहीत मांडले जातात. कोणी म्हणेल, एवढे अवजड का? तर तेथे ते काम बिनबोभाट, बिनमोबदला करणारी आई नाही म्हणून. पुरुषांना स्वतः रात्री उठून मूल थोपटावे लागले की त्या कामाला किंमत आपोआप येते. लेखिकेने हे विधान एखाद्या जाहीरनाम्याच्या थाटात केलेले नाही. ते कारखान्याच्या हिशेबासारखे सहज येते, आणि म्हणूनच बोचते. अशा ग्रहावर दोन पुरुषांनी एकत्र संसार थाटणे ही बातमीच राहत नाही. तेथे विचारावयाचा प्रश्न वेगळा: हा जोडीदार जबाबदारी घेईल काय? ईथनचा पहिला सोबती जॅनोस देखणा आहे, लाडका आहे, पण उनाड. मुलाचा भार त्याच्यावर टाकावा असा तो नाही, आणि हे ईथनला जितके कळते तितकेच वळत नाही. असा जावई आमच्याही ओळखीच्या घरांतून आहे.

आणि मग टेरेन्स सी येतो. सेटागांडाच्या लष्करी प्रयोगशाळेत मुद्दाम घडविलेला, दुसऱ्याचे मन वाचणारा, जगाने छळलेला तरुण. (मन वाचण्याची ही शक्ती जागी करण्यासाठी त्याला टायरामीन नावाचे द्रव्य घ्यावे लागते, जे मुरलेल्या चीजमध्ये असते, बुजोल्डबाईंचा विनोद असा कोपऱ्यात बसून हसत असतो.) एक ॲथोसबाहेर कधी न पडलेला श्रद्धाळू डॉक्टर आणि एक सगळ्या जगातून पळणारा संशयी निर्वासित, याहून विजोड जोडी सापडणे कठीण. शेवटी सी ॲथोसला येतो, आणि जॅनोस घर सोडून गेल्यावर ईथन त्याला आपल्या घरी राहण्याविषयी व मुले वाढविण्यात भागीदार होण्याविषयी विचारतो. चुंबन नाही, शपथा नाहीत. मुले कोण सांभाळणार एवढेच बोलणे. आम्हांला तो प्रसंग कित्येक रंगलेल्या प्रणयप्रसंगांहून अधिक खरा वाटतो. ॲथोसच्या मुळाशी स्त्रीद्वेष आहे, हा त्या समाजाला लागलेला डाग लेखिका झाकीत नाही. मात्र त्याला ती फार हसतमुखाने सोडून देते, अशी आमची तक्रार आहे. ते काही असो, स्नेह्यांच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर येथे मिळते. माणूस नव्या गावी जातो तो तोंड लपवायलाच असे नाही. तेथे घर निराळ्या पद्धतीने बांधून पाहता येते म्हणूनही जातो.

तिसरे पुस्तक अगदी अलीकडचे, २०२१ सालचे: इंग्रज लेखिका एव्हरिना मॅक्सवेल यांचे 'विंटर्स ऑर्बिट'. आमच्या श्रोत्यांना ते सर्वांत लवकर आपलेसे वाटेल, कारण त्याची सुरुवात ठरवून केलेल्या लग्नाने होते. इस्कॅट नावाचे अनेक ग्रहांचे साम्राज्य. त्याच्या सिंहासनावर कडक स्वभावाची आजी. तिचा नातू कीम हा उनाड म्हणून बदनाम, पण माणसांत मिसळणारा, भोळा आणि तोंडाळ. थिआ या मांडलिक ग्रहाशी असलेला करार एका विवाहावर टिकून आहे; त्या विवाहातला राजपुत्र टाम अपघातात मरण पावतो, आणि मागे राहिलेल्या जैनानशी कीमने ताबडतोब लग्न करावे असे फर्मान निघते. जैनान विद्वान, अबोल, शिस्तीचा. दोघांची ओळख म्हणावी अशी नाही. दोघेही पुरुष आहेत याबद्दल राजवाड्यात कोणी भुवईदेखील वर करीत नाही.

मग अडते कोठे? कीमला वाटते, हा अजून पहिल्या पतीच्या शोकात आहे, याला त्रास नको. म्हणून तो दूर दूर राहतो. जैनानला वाटते, आपण याच्या गळ्यात पडलेली धोंड आहोत. म्हणून तो आणखी मिटतो. खरी गोष्ट अशी की पहिल्या लग्नात पाच वर्षे टामने त्याचा छळ केलेला आहे, त्याला माणसांतून तोडलेले आहे, आणि तो अपमान गप्प बसून गिळणे हेच आपले कर्तव्य असे जैनान मानून बसला आहे. त्याने बोलावे तर करार धोक्यात! घराण्याच्या अब्रूसाठी, माहेरच्या नावासाठी तोंड शिवून बसलेल्या सुना आपण कमी पाहिल्या नाहीत. आमच्या आज्या-पणज्यांना अंतरपाट दूर झाल्यावरच नवऱ्याचे तोंड दिसे. पुढे त्यातल्या काहींचा संसार सुखाचा झाला, काहींचा झाला नाही, आणि दोहोंची बाहेरून खूण एकच दिसे. मॅक्सवेलबाईंनी दोन पुरुषांच्या जोडीत ही गोष्ट घातल्यामुळे एक लाभ झाला आहे. बायकांच्या नशिबी हे असायचेच, असे म्हणून जिच्यावरून नजर घसरते ती वेदना येथे नव्याने दिसते. कारण जैनान हा धडधाकट, शिकलेला पुरुष आहे, आणि तरीही तो बोलू शकत नाही.

तेव्हा १९५३ साली जे प्रेम उच्चारताही येत नव्हते ते २०२१ साली राजवाड्यातल्या कारकुनाच्या नोंदवहीत येऊन बसले, आणि लेखकाची सारी शक्ती स्वभावांच्या विजोडपणाकडे वळली. दोघेही पुरुषच असल्यावर विजोडपण शोधावयाचे ते कुळात, देशात, बोलण्या-चालण्याच्या सवयीत. प्रेमकथेला दोन टोके हवीतच.

येथे आमचे स्नेही विचारतील, मराठीत काय? मराठीला त्यासाठी दुसऱ्या ताऱ्यावर जावे लागले नाही. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ सालची. पुण्यातले मध्यमवर्गीय घर, वरच्या खोलीत भाड्याने राहावयास आलेला एक तरुण चित्रकार, आणि त्याच्या प्रेमात पडलेली त्या घरातली बहीण आणि भाऊ, दोघेही. जिन्याच्या दहा पायऱ्या, पण त्या चढून गेले की घरच्यांना न कळणारे एक निराळे जग. हे पुस्तक आले तेव्हा १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम दोन सज्ञान पुरुषांच्या संमतीच्या संबंधालाही लागू होते. सर्वोच्च न्यायालयाने तो भाग ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरविला. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नाकारला. कीम-जैनान यांचे लग्न ज्या गोष्टीवर उभे आहे ती येथील कोणाही दोन पुरुषांना आज मिळालेली नाही. म्हणून 'न्यायालयाने वाद मिटवला' हे स्नेह्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे, हे त्यांना आम्ही पुढच्या भेटीत सांगणार आहोत.

जाता जाता भाषेची एक अडचण सांगितली पाहिजे, कारण या गोष्टी मराठीत आणण्याचा उद्योग कोणी तरुणाने करावा अशी आमची इच्छा आहे. सॅम्युएल डिलेनी हा याच वाङ्मयातला मोठा लेखक. स्वतः कृष्णवर्णी, स्वतः समलिंगी. १९८४ सालच्या त्याच्या 'स्टार्स इन माय पॉकेट लाइक ग्रेन्स ऑफ सँड' या कादंबरीत एक प्रचंड देहाचा, गुलामीतून आलेला, सारा ग्रह जळून गेल्यावर एकटा उरलेला कोर्गा आणि एका खानदानी घराण्यातला मुत्सद्दी मार्क डायेथ यांची गाठ घातली आहे. त्या जगात प्रत्येक व्यक्तीला, मग ती कोणीही असो, 'ती' म्हणतात. आणि 'तो' हा शब्द ज्याच्याविषयी मनात अभिलाषा जागी झाली त्याच्यासाठी राखून ठेवलेला आहे. इंग्रजीत एवढ्याने भागते, तेथे क्रियापदाला लिंग नाही. मराठीत 'ती आली, ती बसली, ती हसली' असे पानामागून पान लिहीत जावे लागेल, आणि मग एके ठिकाणी एकदम 'तो आला'. वाचक प्रथम वैतागेल. पण त्या 'आला'तील आकाराने जो धक्का बसेल तो मूळ पुस्तकातही बसत नसावा.

स्टर्जनच्या कथेत अडचण उलटी आहे. पाखरे नर की मादी हे शेवटपर्यंत झाकून ठेवावयाचे. आणि आपल्या भाषेत तर 'ते दोघे' म्हटले की गुपित फुटले, 'ती दोघे' म्हटले की ती एक स्त्री आणि एक पुरुष अशी लबाडी झाली. आम्ही बराच विचार केला. सुदैवाने 'पाखरू' नपुंसकलिंगी आहे. अनुवादकाने तो शब्द घट्ट धरून ठेवावा, 'ती पाखरे आली, ती पाखरे बसली' असे लिहीत जावे, आणि ग्रंटीच्या हातात ते चित्रांचे कागद पडले की पुढच्या ओळीपासून 'ते दोघे' म्हणावे.